सल्ला : तंत्रज्ञानावर लिहायला नवे विषय आणायचे कुठून?

पत्र : "दोन वर्षांपासून मी तंत्रज्ञानावर दर आठवड्याला एक लेख लिहितो. सुरुवातीला विषय इतके होते की कोणता आधी घ्यावा हा प्रश्न पडायचा. पासवर्ड, बॅटरी, बॅकअप, वायफाय, एआय, सगळं लिहून झालं. आता एखादी बातमी आली की मी लिहायला बसेपर्यंत दहा जणांचं लिहून झालेलं असतं. चॅटबॉटला विषय विचारले तर तेच ते वीस मथळे पुढे येतात. गेल्या दोन महिन्यांत दोनच लेख हातून झाले. मी इंजिनिअर नाही आणि माझ्याकडे मोठी साधनंही नाहीत. नवे विषय मिळवायची काही पद्धत असते का? जुन्या विषयांवर पुन्हा लिहिलं तर चालेल का?" – एक वाचक

सप्रेम नमस्कार,

तुम्ही दिलेली यादी पुन्हा वाचून बघा. पासवर्ड, बॅटरी, बॅकअप, वायफाय, एआय. ही नावं झाली, विषय यांच्या पोटात आहेत. नावं मोजकी असतात, दोन वर्षांत ती संपणारच. विषय म्हणजे एक नेमका प्रश्न, ज्याचं पूर्ण उत्तर लिहायला बसताना तुमच्याकडेही नसतं. 'वायफाय' हे नाव आहे. 'मायक्रोवेव्ह ओव्हन चालू केला की शेजारच्या खोलीतला व्हिडिओ कॉल का अडखळतो' हा विषय आहे. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो, वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. ओव्हनच्या दारातून सुरक्षित मर्यादेत जी थोडी गळती होते, तीही वायफायच्या क्षीण संदेशापुढे भारी पडते. ओव्हनमध्ये पाण्याने भरलेला कप ठेवा (रिकामा ओव्हन चालवायचा नाही), लॅपटॉपवरून राउटरला दोन मिनिटं सलग पिंग करा (म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा), मग ओव्हन बंद करून तेवढाच वेळ पुन्हा करा. नंतर हेच ५ गिगाहर्ट्झवर जोडून बघा. चार वेळचे आकडे शेजारी मांडले की लेखाचा कणा तयार होतो. याच नावाखाली पुढचा प्रश्नही लगेच दिसतो : २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हेच चॅनेल निवडा असं सगळे सांगतात, ते का? चॅनेल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर असतात आणि वायफायला रुंदी लागते २० मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणून शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. कोणी मधलाच ३ नंबर घेतला, तर तो १ आणि ६ दोन्हीकडच्यांना त्रास देतो आणि स्वतःही त्रास सोसतो. हा दुसरा लेख झाला.

तेव्हा पहिलं काम हे करा. जुन्या यादीतल्या प्रत्येक नावाखाली प्रश्न लिहायला घ्या आणि प्रत्येक प्रश्नात एक माणूस, एक वस्तू आणि एक अडचण असायलाच हवी अशी अट ठेवा. 'बॅकअप का महत्त्वाचा' हा प्रश्न या अटीत बसत नाही. 'फोन हरवला, नवा घेतला, बॅकअप परत आणला, तरी ओटीपी देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधले कोड का आले नाहीत' हा बसतो. पहिले चार-पाच प्रश्न सगळ्यांना सुचतात तसेच येतील, ते सोडून द्या. सहाव्या-सातव्यापासून स्वतःचं काही येऊ लागतं.

आता बातम्यांबद्दल. कंपनीचं प्रसिद्धिपत्रक सगळ्यांच्या हाती एकाच वेळी पडतं. मोठ्या प्रकाशनांना तर वस्तूच आधी मिळते आणि ठरलेल्या वेळेपर्यंत गप्प राहायचं बंधन असतं, म्हणून घोषणेच्या मिनिटाला त्यांचे तयार लेख बाहेर पडतात. त्या शर्यतीत एकट्याने लिहिणाऱ्याने उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बातमी सोडून द्या आणि तीन-चार आठवड्यांनी तिच्या मागे जा. तोवर ते अपडेट लोकांच्या हातात पोहोचलेलं असतं, अडचणी वर आलेल्या असतात आणि लिहिणारे पुढच्या बातमीकडे गेलेले असतात.

मागे जायचं म्हणजे रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं याची कंपनीने दिलेली यादी, वाचायच्या, आणि त्या खालून वर वाचायच्या. वरचा भाग जाहिरातीसारखा असतो, 'नवीन काय' सांगणारा. खाली 'माहीत असलेल्या अडचणी', 'काढून टाकलेल्या सोयी' आणि 'बदललेली डिफॉल्ट सेटिंग्ज' (आपण काही न निवडता लागू असणारी) असतात. या तिसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त माल असतो, कारण डिफॉल्ट बदललं की कोणी ढोल वाजवत नाही, पण परिणाम सगळ्यांवर होतो. उदाहरण बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होण्याच्या (म्हणजे त्यातली माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद होण्याच्या) हार्डवेअरच्या अटी सैल केल्या गेल्या. त्यामुळे ही आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलेले अनेक संगणक मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेले असतात. एरवी काही जाणवत नाही. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की मात्र संगणक ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण ज्याला हे माहीतच नाही तो ती शोधणार कुठे? 'तुमचा संगणक एन्क्रिप्ट झाला आहे का हे दोन मिनिटांत कसं बघायचं आणि रिकव्हरी की आजच कुठे लिहून ठेवायची' हा लेख कुणाचे तरी फोटो वाचवेल. तो रिलीज नोट्समधल्या एका ओळीतून निघतो.

दुसरी खाण मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पांची. त्यांच्या तक्रारींच्या याद्या कोणालाही वाचता येतात. त्या उघडल्यावर नवीन तक्रारी वर दिसतात, तो क्रम बदला : ज्यांवर सर्वांत जास्त प्रतिक्रिया आहेत त्या वर आणा आणि वर्षानुवर्षं उघड्या पडलेल्या बघा. त्याहून कामाच्या असतात 'हे असंच अपेक्षित आहे' असं सांगून बंद केलेल्या तक्रारी. तिथे सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. बनवणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आणि वापरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र वेगळं असतं, आणि हा फरक समजावून सांगणारं मराठीत फारसं कोणी नाही. एक पथ्य मात्र पाळा. तिथलं वाचून थेट लिहू नका. तीच अडचण आधी स्वतःच्या यंत्रावर, आजच्या आवृत्तीत घडवून बघा. अनेकदा ती केव्हाच दुरुस्त झालेली निघते. आणि तिथे लिहिणाऱ्यांची नावं किंवा वाक्यं उचलू नका, प्रश्न तेवढा घ्या.

तुमचे वाचक तुमच्यापर्यंत काय शोधत येतात हेही गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकाला तिचे शोध दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, दिसतं. तिथे मागच्या १६ महिन्यांची माहिती असते. शोधाच्या निकालांत सरासरी क्रमांक ८ ते २० च्या दरम्यान, दिसण्याची संख्या भरपूर आणि क्लिक जवळजवळ नाहीत, असे शोध वेगळे काढा. त्यातही 'का', 'कसं', 'होत नाही', 'दिसत नाही' हे शब्द असलेले आधी वाचा. लोकांच्या शोधात तुमचं दार दिसलं, पण आत जवळजवळ कोणी आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं बाहेरचं झालं. पण आमच्या मते सगळ्यात ताजे विषय तुमच्या स्वतःच्या अडखळण्यातून येतात, आणि ते तुम्ही रोज वाया घालवत आहात. प्रिंटर सापडत नाही, फाइल उघडत नाही, ब्लूटूथ दोन उपकरणांत घोटाळतं. तासभर खटपट करून तुम्ही ते सोडवता. सुटलं की पाचव्या मिनिटाला 'एवढं तर सोपं होतं' असं वाटू लागतं आणि आपण कुठे चुकलो होतो तेच आठवेनासं होतं. लेखाचा सगळा जीव त्या चुकीच्या वळणात असतो. म्हणून नोंद सुटल्यावर नाही, अडकल्यावर करायची. उपाय शोधण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मग पाच गोष्टी टिपा : तारीख, उपकरण आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, मी काय केलं, काय होईल असं वाटलं होतं आणि खरंच काय झालं. एरर मेसेज शब्दन्‌शब्द उतरवा, 'काहीतरी एरर आली' असं लिहू नका. वाचकही तोच मेसेज जसाच्या तसा शोधणार आहे. नंतर काय काय करून पाहिलं आणि कशाने फरक पडला नाही, तेही खाली जोडत जा. 'हे करून काही होत नाही' एवढी माहितीसुद्धा वाचकाचा तासभर वाचवते.

घरातली, ओळखीतली माणसं मदत मागतात तेव्हा त्यांचे शब्द तसेच लिहून घ्या. 'फोन भरला' असं कोणी म्हणालं तर तुम्ही मनात 'स्टोरेज' असं भाषांतर करता आणि लेखाला 'स्टोरेज व्यवस्थापन' असा मथळा देता. ज्याचा फोन भरला आहे तो हा मथळा वाचतच नाही.

'माझ्याकडे मोठी साधनं नाहीत' असं तुम्ही लिहिलं आहे. मोठी लागतच नाहीत. यूएसबीच्या मध्ये लावायचा छोटा मीटर, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर, एक जुना रिकामा फोन आणि घड्याळ, एवढ्यावर वर्षभराचे लेख होतात. वॅटमीटरने राउटर ८ वॅट घेतो असं दिसलं, तर वर्षाचे ८,७६० तास धरून ७० युनिट होतात. हा आकडा स्वतः मोजलेला असला की लेखाला वजन येतं.

एकच मोजमाप किती विषय देतं हे जवळून बघू. पॉवर बँक घ्या. तिच्यावर १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे १० अँपिअर-अवर) असं छापलेलं असतं. फोनची बॅटरी ५,००० एमएएचची. म्हणजे फोन दोनदा पूर्ण भरला पाहिजे, असा सरळ हिशोब प्रत्येक जण करतो. प्रत्यक्षात तो दीड वेळाही भरत नाही आणि माणसाला फसवल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा फसवणूक नसते. तो छापील आकडा आतल्या लिथियम सेलचा असतो आणि सेलचा सरासरी विद्युतदाब ३.७ व्होल्ट असतो. १० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-अवर ऊर्जा. यूएसबीतून ती ५ व्होल्टवर बाहेर येते, म्हणून तीच ऊर्जा ५ ने भागली की ७,४०० एमएएच होते. दाब वाढवणाऱ्या सर्किटमध्ये साधारण १० ते १५ टक्के उष्णतेत जातात, म्हणजे केबलपाशी ६,३०० ते ६,६०० एमएएच पोहोचतात, ऊर्जेत सांगायचं तर ३२ वॅट-अवरच्या आसपास. फोन भरतानाही थोडी उष्णता होतेच. आत शिरते ती २८ धरा. ५,००० एमएएच आणि ३.८५ व्होल्टची बॅटरी १९.२५ वॅट-अवरची. २८ भागिले १९.२५ केलं की १.४५ येतात.

हा हिशोब कागदावरचा झाला, आता तो हाताने तपासायचा. पॉवर बँक रात्रभर चार्ज करून पूर्ण भरा. मीटर शून्यावर आणा. शक्यतो फोन जोडू नका. स्थिर प्रवाह ओढणारा छोटा यूएसबी लोड मिळतो, तो ५ व्होल्टवर २ अँपिअरला लावा. १० वॅटने ३२ वॅट-अवर संपायला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. लोड चांगलाच तापतो, म्हणून तो फरशीवर किंवा धातूच्या पत्र्यावर ठेवा आणि खोली सोडून जाऊ नका. फुगलेली पॉवर बँक चाचणीला घ्यायचीच नाही. बँक आपोआप बंद झाली की वॅट-अवर लिहून घ्या. असं तीन वेळा करा आणि मधला आकडा धरा.

चूक होते ती इथे. फोनच जोडून मोजलं तर शेवटी फोन प्रवाह कमी कमी करत नेतो, आणि काही बँका अगदी कमी प्रवाह दिसला की 'काही जोडलेलं नाही' असं समजून बंद होतात. मग बँक रिकामी न होताच तुमचं मोजमाप थांबतं. दुसरी चूक जास्त फसवी आहे. फास्ट चार्जिंगमध्ये दाब ९ व्होल्टवर जातो, आणि तेवढीच ऊर्जा असूनही एमएएचचा आकडा जवळजवळ निम्मा दिसतो. हे लक्षात न घेता 'अर्धीच क्षमता निघाली' असं लिहून एखाद्या वस्तूची बदनामी करणारे लेख होतात. म्हणून वॅट-अवरच लिहा आणि एमएएच दिलाच तर कोणत्या व्होल्टला तेही सांगा.

आता टेबलावर काय उरलं ते बघा. कमी प्रवाह दिसला की बँक बंद होते, हे कळलं. म्हणजे 'पॉवर बँकेवर इअरफोन चार्ज का होत नाहीत' हा दुसरा लेख. वॅट-अवर काढता आले. म्हणजे विमानप्रवासाचा तिसरा. परवानगीशिवाय सोबत नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर असते, आणि २६,८०० एमएएच गुणिले ३.७ केलं की ९९.१६ येतात. इतक्या पॉवर बँका नेमक्या २६,८०० च्याच का मिळतात, याचं उत्तर या गुणाकारात आहे. केबल बदलली तर आकडा बदलतो का, हे मोजायला गेलात की चौथा. दिसायला सारख्या यूएसबी-सी केबलींपैकी ३ अँपिअरपुढे नेणाऱ्या केबलीच्या टोकात ओळख सांगणारी चिप असावी लागते. ती नसेल तर मोठा चार्जर आणि मोठा लॅपटॉप असूनही चार्जिंग ६० वॅटला अडतं. शिवाय त्यातल्या काही केबली डेटा जुन्या यूएसबी २ च्या ४८० मेगाबिटच्याच वेगाने नेतात. 'खणातल्या सगळ्या यूएसबी-सी केबलींना चिठ्ठ्या कशा लावायच्या' असा लेख आम्हाला तरी हवासा वाटेल.

तुमच्याकडे आणखी एक शेत आहे, आणि तिथे गर्दी जवळजवळ नाही. तुम्ही मराठीत लिहिता. मराठी अक्षरं यंत्रात गेल्यावर त्यांचं काय होतं, हे इंग्रजीत लिहिणारा कोणी सांगणार नाही. एसएमएस घ्या. एका एसएमएसमध्ये मजकुराला १४० बाइट असतात. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीला सहसा प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून ७०. इंग्रजी निरोपात एक जरी देवनागरी अक्षर घातलं तरी सगळा निरोप ७० च्या हिशोबात जातो. आणि 'चिन्ह' म्हणजे आपलं अक्षर नव्हे. 'नमस्कार' आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो सात चिन्हांचा : न, म, स, हलन्त, क, काना, र. एखाद्या फॉर्ममध्ये नावाला २० चिन्हांची मर्यादा असली की जोडाक्षर मधेच तुटतं आणि शेवटी पाय मोडलेलं अक्षर उरतं. तो फॉर्म शोधा, चार नावं भरून बघा, कुठे काय तुटलं याची चित्रं लावा.

शोधातली गंमत तर याहून मोठी आहे. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय म्हणून अनेक जण 'अ' लिहून त्यावर चंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. तुमच्याच जुन्या लेखांत एका पद्धतीने शोधा, मग दुसऱ्या, आणि निकाल मोजा. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचंही तसंच : दुसऱ्यातला ऱ्य 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून होतो, आणि साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालूनही होतो. कोणता कीबोर्ड काय घालतो? एका लेखाचा नव्हे, मालिकेचा ऐवज आहे हा.

तारखांकडेही लक्ष ठेवा, कारण पुढे येणाऱ्या तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात आणि तिथे घाई नसते. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या) कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. जो माणूस प्रमाणपत्र हाताने बदलतो त्याचं काय होणार, हे आत्ता लिहिता येतं. १९ जानेवारी २०३८ ला, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनंतर, ३२ बिटांत सेकंद मोजणारी यंत्रं उलटी फिरून १९०१ च्या डिसेंबरात जातात. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे त्यांना मोजताच येत नाहीत. जुन्या उपकरणावर तारीख पुढे नेऊन काय होतं हे बघता येतं, पण ते उपकरण रिकामं असू द्या, कोणतंही खातं त्यात नको. रोजच्या फोनवर हा प्रयोग करायचा नाही. तारीख मागे १९७० ला नेल्याने २०१६ मध्ये त्या वेळच्या अनेक आयफोनची चालू होण्याचीच पंचाईत झाली होती.

जुन्या विषयांवर पुन्हा लिहावं का? अवश्य लिहावं, आणि तुमच्या बाबतीत हे काम आधी हाती घ्यावं असं आम्ही सुचवू. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्येक 'कसं करायचं' लेख उघडा आणि त्यातली प्रत्येक पायरी आजच्या आवृत्तीवर पुन्हा करा. मेनूचं नाव बदललेलं असेल, बटण हललेलं असेल, एखादी सोय गेलेली असेल. नुसती मेनूची नावं बदलली असतील तर तोच लेख दुरुस्त करून वर तारीख टाका. सल्लाच बदलला असेल तर नवा लेख लिहा आणि जुन्यात तसं स्पष्ट सांगा. पासवर्डचंच बघा : 'दर तीन महिन्यांनी बदला' हा सल्ला अजून जागोजागी दिसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय ठरावीक काळाने बदलायची सक्ती करू नये, कारण माणसं मग शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. तुमच्या लेखात काय लिहिलं आहे ते तपासा. वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, एखाद्या सेवेचं गोपनीयता धोरण दोन वर्षांपूर्वी काय होतं आणि आज काय आहे, हे शेजारी ठेवून वाचलं तरी लेख होतो.

चॅटबॉटकडून विषय घेऊ नका. त्याचा स्वभावच सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं पुढे करण्याचा आहे. त्याच्याकडून वीस मथळे जरूर घ्या आणि ते वर्ज्य म्हणून भिंतीवर लावा. लेख लिहून झाल्यावर मात्र तो त्याला द्या आणि विचारा, 'नवख्या वाचकाला यात कुठे अडेल?' तिथे त्याचा उपयोग होतो. त्याने दिलेला आकडा किंवा मेनूचा रस्ता स्वतः तपासल्याशिवाय छापायचा नाही. अस्तित्वात नसलेलं सेटिंग तो पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो.

विषय पक्का करण्याआधी त्यावर आधी आलेले पाच लेख वाचा. पाचही जण एकच आकडा देत असतील आणि तो कुठून आला हे एकही सांगत नसेल, तर तो विषय सोडू नका. आकड्याचा उगम शोधणं हाच लेख. आणि एखादा लेख तुमच्यापेक्षा चांगला असेल, तर वाचकाला त्याचा दुवा देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळा.

दर आठवड्याचा नेम थोडा बदला. मोजमापाचा लेख एका आठवड्यात नीट होत नाही. एका आठवड्यात नोंदवहीतली एक अडचण आणि तिचा उपाय, सहाशे-सातशे शब्दांत. पुढच्या आठवड्यात मोजलेला मोठा लेख, ज्याची चाचणी आधीच्या पंधरवड्यात चालू झालेली असेल. पॉवर बँकेपासून सुरुवात करणार असाल तर मीटर घेताना तो वॅट-अवर जमा करून दाखवतो ना, हे बघून घ्या. काही मीटर त्या क्षणाचे व्होल्ट आणि अँपिअर एवढेच दाखवतात. तसा मीटर असेल तर दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत उतरवा, गुणाकार करून वॅट काढा, १२ ने भागा (तासात पाच मिनिटं बारा वेळा येतात) आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करा. सव्वातीन तासांत ३९ नोंदी होतील. लेखासोबत त्यांचा तक्ताही द्या.